तुडुमाची किल्ली

खासदार आले तेव्हा पारीवरची बोरं पिकली होती.
त्यांच्या आधी मंडप आला, मंडपाआधी मुरूम,
मुरमाआधी ग्रामसेवक, फितीचं रीळ काखेत घेऊन,
आणि सगळ्यांच्या आधी, मागच्या उन्हाळ्यातच,
दिल्लीहून एक कुलूप.

पिवळं, तळहाताएवढं.
तुडुमाच्या तोंडाशी लोखंडी दार, दाराला चाक, चाकाला ते.
"आता पाणी मोजून सुटेल," साहेब म्हणाला.
"मंग आजवर काय सांडत होतं बापा?"
तो हसला नाही. त्यानं माझा फोटो काढला,
तळ्याचा काढला, आणि आम्ही दोघं
कुठल्याशा नकाशावर एक ठिपका झालो.

मी सोविंदा लांजेवार, मुंगलीटोल्याचा पाणकर.
बाप पाणकर, आजा पाणकर.
वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी कधी उतरवायचं
ते मला धानाच्या रंगावरून कळतं,
अंधार असला तर वासावरून.
खंडीमागे कुडवभर धान, एवढाच माझा पगार.

मत मी त्यांनाच दिलं, दर खेपेला.
जुन्या वळणाचा माणूस मी.
पोळ्याला मानाची जोडी तोरणाखालून आधी जावी,
घरच्या भांडणात बाहेरच्यानं बोलू नये,
हे मला अजूनही पटतं.
तेही भाषणात हेच बोलले होते: तुमचं गाव, तुमची रीत.
टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होतो.
आता रीत विचारायला गेलो,
तर त्यांचा पीए म्हणतो, वरून आलंय.
आमदार म्हणतो, वरून.
तहसीलदार नुसतं बोट वर करतो.
मी वर पाहिलं.
पंखा फिरत होता.

एक गोष्ट लपवत नाही.
माझ्या आज्यानं भिवरा शेंडेची शेवटची बांधी
तीन सालं कोरडी ठेवली. नवरा नव्हता तिला, बोलणारं कोणी नव्हतं.
चौथ्या साली ती आमच्या दारात आली,
चुलीवरची गंजी तिनं अंगणात पालथी केली
आणि साऱ्या टोल्यादेखत आज्याच्या सात पिढ्या काढल्या.
त्या सालापासून पहिलं पाणी तिच्या बांधीत.
आजा चुकला होता.
पण आज्याला दार होतं.
दिल्लीचं दार कोणत्या अंगाला आहे, कोणी सांगा.
मी गंजी घेऊन यायला तयार आहे.

भादव्यात अठरा दिवस आभाळ कोरडं.
धान निसवायला आलेला, तळं सलंगाला टेकलेलं,
आणि पाणी सोडायची तारीख पोर्टलवर बारा दिवस पुढे.
किल्ली इंजिनिअरकडे,
इंजिनिअर ट्रेनिंगला.
मंसाराम ढिवर म्हणाला, "काहून थांबला? फोड."
मी रातभर पारीवर बसलो. जन्मात सरकारची काडी मोडली नव्हती.
पहाटे सब्बल घेतली.

पाणी पाटात उतरल्याचा आवाज ऐकला
आणि सायकलीनं थेट ठाण्यात गेलो, कुलूप पिशवीत घेऊन.
कायदा मानणारा माणूस आहे मी.
जमादार म्हणाला, "तक्रार कोणावर?"
म्हटलं, "माह्यावर."
त्यानं चहा मागवला. कागदाला अजून नंबर पडलेला नाही.

तर बोरं पिकली तेव्हा खासदार आले.
नवं कुलूप, नवी पाटी, पाटीवर त्यांचा हसरा फोटो.
म्हणाले, या योजनेमुळे यंदा इथला धान वाचला.
मी पहिल्या रांगेत होतो. हात मांडीखाली दाबून ठेवले.
मग माझं नाव पुकारलं, शाल दिली,
आणि थर्माकोलची पुरुषभर उंच सोनेरी किल्ली
माझ्या हातात ठेवून म्हणाले, "इकडे बघा, इकडे."

खरी किल्ली त्याच जीपमधून तालुक्याला गेली.

थर्माकोलची नातवानं तळ्यात टाकली.
अजून तरंगते ती,
वारा फिरेल तशी कधी तुडुमाकडे,
कधी सलंगाकडे.
पाणकोंबडी येऊन बसते तिच्यावर.